ट्रॉमा थेरपीच्या पहिल्या काही भेटींत नेमकं काय होतं?

शेवंती:
पुढच्या आठवड्यात ट्रॉमा-इन्फॉर्म्ड थेरपिस्टकडे पहिली भेट ठरली आहे. विषय लहानपणी घरात होणाऱ्या मारहाणीचा. पहिल्याच दिवशी सगळं सांगायला लावतात का? किती भेटी लागतात? आधी काय विचारून घ्यावं? अनुभवकथा वाचून जास्तच घाबरायला होतं, म्हणून कृपया फक्त माहिती द्या.

गवतीचहा:
नाही लावत. कुणी लावायला लागलंच तर "आज नको" म्हणायचा हक्क तुमचा आहे.

पहिली भेट साधारण 50-60 मिनिटांची असते. झोप, भूक, चालू औषधं, दारू-तंबाखू, घरात कोण कोण, सध्या तुम्ही सुरक्षित आहात का, असे प्रश्न येतात. जीव द्यायचे विचार येतात का, हेही विचारतील. ते बहुतेक सगळ्यांनाच विचारतात, दचकू नका. घटनेबद्दल "लहान असताना घरात मारहाण व्हायची" एवढं सांगितलं तरी सुरुवातीला पुरतं. काही ठिकाणी पीसीएल-5 ही प्रश्नावली भरून घेतात: 20 प्रश्न, गेल्या महिन्याभरातला त्रास, प्रत्येकी 0 ते 4 गुण. एकूण 31-33 च्या आसपास किंवा वर गेलं तर पीटीएसडीची (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) नीट तपासणी करतात. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही.

पुढच्या काही भेटी स्थिरावण्याच्या. बऱ्याच लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचं सगळं काम यावरच उभं राहतं. यात एक गोष्ट हमखास चुकते. "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या" हे सगळ्यांना मानवत नाही. डोळे मिटले की लक्ष आत वळतं, छातीतली धडधड मोठी वाटायला लागते आणि जुनी भीती उसळते. तसं झालं तर लगेच सांगा. डोळे उघडे ठेवून, दोन्ही पावलं फरशीला टेकवून, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. श्वास 4 आकडे मोजत आत, 6 मोजत बाहेर. हा सराव रोज, मन शांत असताना करायचा. ऐन घाबरलेल्या क्षणी पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही.

उंबरठा:
भेटींची संख्या पद्धतीवर ठरते. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड ही वागण्याची रीत झाली: तुमच्या कलाने घेणं, आधी विचारणं, जबरदस्ती न करणं. उपचारपद्धत वेगळी, म्हणून "तुम्ही नेमकी कोणती पद्धत वापरता आणि तिचं प्रशिक्षण कुठे घेतलं?" हे थेट विचारा. सीपीटी (आघातामुळे मनात बसलेले विचार तपासून बदलणं) साधारण 12 भेटींची. प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं) 8 ते 15 भेटींची, बहुतेक वेळा 90 मिनिटांची. ईएमडीआरचे (डोळे डावी-उजवीकडे हलवत आठवणीवर काम करण्याची पद्धत) आठ टप्पे असतात आणि आठवणीवर प्रत्यक्ष काम चौथ्या टप्प्यात सुरू होतं. त्रास किती, ते 0 ते 10 मध्ये सांगायचं असतं. एकाच अपघाताचा आघात असेल तर भेटींचे हे आकडे बऱ्यापैकी लागू पडतात. वर्षानुवर्षं चाललेल्या मारहाणीत जास्त वेळ धरून चला.

गाडी दोन ठिकाणी अडते: घाईघाईने आठवणी उकरल्या जातात, नाहीतर महिनोन् महिने नुसत्या गप्पा होतात. दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. "आपण कुठवर आलो?" हे दर 5-6 भेटींनी विचारायला संकोचू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागा. औषधं सायकिअ‍ॅट्रिस्ट देतात.

शेवंती:
दोघांचेही आभार. भेटीनंतर त्रास वाढतो का? आणि घरचे विचारत बसतील त्याचं काय?

माजघर:
एक-दोन दिवस वाढू शकतो. थकवा, चिडचिड, विचित्र स्वप्नं. भेट शक्यतो संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवसाची घ्या. लगेच ऑफिसची मीटिंग किंवा पाहुणे नकोत. चांगला थेरपिस्ट शेवटची 10 मिनिटं तुम्हाला शांत करूनच बाहेर सोडतो. ती 10 मिनिटं दर वेळी बोलण्यात संपत असतील तर तसं सांगा.

तीन-चार दिवसांनीही त्रास उतरला नाही, मधला वेळ कसा गेला ते आठवेनासं झालं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. झोपेच्या किंवा घाबरण्याच्या गोळ्या आधीपासून घेत असाल तर मनाने बंद करू नका, त्या अचानक सोडणं धोक्याचं असतं.

घरच्यांना "डॉक्टरांनी बाहेर बोलायला मनाई केली आहे" एवढं सांगून विषय बंद करा. तुमची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार बंधनकारक आहे. अपवादही आहेत: जिवाला धोका, कोर्टाचा आदेश. शिवाय 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम 19 खाली ते कळवावंच लागतं. म्हणून काय गुप्त राहतं आणि काय नाही, हे तपशील सांगण्याआधी विचारून घ्या.

भेट ऑनलाइन असेल तर दार लावून, हेडफोन घालून बसा. कुणी अचानक आत आलं तर काय म्हणायचं ते थेरपिस्टशी आधीच ठरवून ठेवा. "भाजी आणायची राहिली" असं काहीतरी साधं, म्हणजे थेरपिस्ट लगेच विषय बदलतात.