वाय-फायचा पासवर्ड म्हणजे माझाच मोबाइल नंबर. आमचं कोणी वाचू शकतं का?

विश्रामबाग_काकू
नमस्कार. सांगलीत चार मजली इमारतीत राहतो. फायबर जोडायला आलेल्या मुलाने माझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला. "लक्षात राहील काकू," म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या मुलांना परीक्षेच्या वेळी मीच तो दिला, नाही म्हणवेना. परवा मुलीने राउटरचं पान उघडलं तर नऊ उपकरणं जोडलेली. घरात मोजून पाच. ह्यांची पेन्शन, बँक, सगळं याच नेटवर. तेव्हापासून झोप नाही. वाय-फायचं नाव लपवलं तर भागेल का?

रात्रपाळी
काकू, नेटवर्किंग हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बँकेचं. बँकेचं अ‍ॅप राउटरवर विसंबत नाही, ते स्वतःच सगळं कुलूपबंद करून पाठवतं. वाय-फायवर कान लावणाऱ्याला आकडे दिसत नाहीत. पण कोणती साइट कधी उघडली, हे बऱ्याचदा कळतं, आणि पासवर्ड हातात असलेल्याला ते फारच सोपं. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वाय-फायला कुलूप लावायच्या नेहमीच्या पद्धतीत, सगळ्यांच्या किल्ल्या त्या एकाच पासवर्डातून घडतात. तुमचा फोन राउटरशी जोडला जातानाची देवाणघेवाण त्याने टिपली की पुढचं वाय-फायचं कुलूप त्याच्यासाठी उघडं. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली.

मोबाइल नंबर तर आजच काढा. दहा अंक, पहिला ६ ते ९, म्हणजे ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, पण तीच देवाणघेवाण टिपून नेली की चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. तुमचा नंबर तर अख्ख्या इमारतीकडे असेल. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी पिनने उपकरण जोडायची राउटरची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी, पण राउटर पहिले चार आणि पुढचे तीन वेगवेगळे तपासतो, शेवटचा नुसता पडताळणीचा. म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. २०११ मध्येच हे उघड झालं, तरी पुष्कळ घरांत ते अजून चालू दिसतं, याचं मला फार वाईट वाटतं. राउटरच्या पानाचा पासवर्डही बदला, तो वेगळा असतो.

नाव लपवून उपयोग नाही. तुमचा फोन जोडताना ते नाव स्वतःच हवेत सांगतो.

सानपाडा२००८
पासवर्ड वाटण्याबद्दल एवढंच. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग आमच्या सानपाड्यातल्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर आला. त्याचं वाय-फाय उघडं होतं. ईमेल दुसऱ्याचा, एटीएसची चौकशी मात्र त्याच्या दारात. मुलांना द्यायचंच तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, द्या, काकू.

विश्रामबाग_काकू
मुलीने काल सगळं बदललं. नऊपैकी एक खणातला जुना फोन, एक टीव्ही, एक मुलांचा लॅपटॉप. नववं कोणाचं ते कळलंच नाही. पासवर्ड बदलल्यापासून ते दिसत नाही. मुलांना गेस्टचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. पण प्रिंटर डब्ल्यूपीए३ वर जोडलाच जात नाही. काय करू?

रात्रपाळी
जुना असेल. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय आहे का बघा. नसेल तर प्रिंटर सरळ केबलने लावा.