फॅशिया: प्रावरणी, पापुद्रा की आणखी काही?

प्रश्न

फिजिओथेरपीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात पानोपानी 'फॅशिया' येतो, म्हणजे स्नायूंभोवतीचा पांढुरका, चिवट थर. कोशात 'प्रावरणी' मिळालं. प्रावरण म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, इथवर ठीक. पण पुढच्याच ओळीत म्हटलंय की हा फॅशिया स्नायूच्या आत शिरतो आणि एकेका तंतूभोवती जातो. पांघरूण माणसाच्या आत कसं शिरेल? तिथेच अडकलेय.

प्रतिसाद १

अडकलात ते नेमक्या जागी. लॅटिनमध्ये फॅशिया म्हणजे गुंडाळायची पट्टी. जुन्या शरीररचनाशास्त्राला तो तसाच दिसला: खरा ऐवज आत, हे नुसतं वेष्टन. 'प्रावरणी' हे त्या समजुतीचं चोख भाषांतर आहे. पुढे समजूत बदलली, शब्द तिथेच राहिला.

माझं कॉलेजचं पहिलं वर्ष आठवतं. विच्छेदनाच्या टेबलावर पहिला हुकूम असायचा, "आधी साफ करा." साफ करायचं म्हणजे कातडीखालचा पांढुरका, चिवट, जाळीदार थर चिमट्याने उचलायचा आणि स्काल्पेलने खरवडून काढायचा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तो इतका जाड की पातं अडायचं. काढलेलं सगळं टेबलाखालच्या बादलीत. मग पुस्तकातल्या चित्रासारखे सुटे सुटे स्नायू दिसायचे. ते सुटे असतात असं आम्हाला खरंच वाटायचं, कारण आम्हीच ते सुटे केलेले असायचे!

आता त्या बादलीतल्या मालाकडे लोक नीट बघू लागलेत. २००७ मध्ये बॉस्टनला हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये फॅशियावरच्या संशोधनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या थरात चेतातंतूंची टोकं असतात, एका स्नायूचा ताण त्यातून शेजारच्या स्नायूपर्यंत पोचतो, आणि थर एकमेकांवर सरकावेत म्हणून मध्ये हायलुरोननचं वंगण असतं. (याच्या जोरावर फॅशिया 'मोकळा' करून सगळे आजार बरे करू म्हणणारेही निघालेत. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.)

प्रतिसाद २

हाच घोटाळा सूक्ष्मदर्शकाखालीही झाला होता. पित्तनलिकेच्या भिंतीतला एक थर स्लाइडवर कायम घट्ट, सलग दिसायचा. जिवंत माणसात दुर्बिणीतून पाहिल्यावर तिथे कोलॅजेनच्या जाळीत द्रवाने भरलेले कप्पे दिसले. स्लाइड तयार करताना द्रव निघून जायचा आणि कप्पे चपटे व्हायचे. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. 'नवा अवयव सापडला' असे मथळे आले, ते जरा जास्तच होते.

प्रतिसाद ३

प्रावरणीपेक्षा मला 'ऊती' (टिश्यू) जास्त आवडतो. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे, त्याचं 'ऊत' म्हणजे विणलेलं. 'ओतप्रोत'मधला 'ओत' याच घरातला. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? तिथे अर्थ उभ्या-आडव्या धाग्यांचा आहे. आपण 'भावना ओतप्रोत' म्हणत भांडंभर ओततो!

गंमत म्हणजे युरोपातही विणकामच. बिशा या फ्रेंच वैद्याने १८०१ मध्ये, सूक्ष्मदर्शक न वापरता, शरीरातल्या २१ प्रकारच्या ऊती सांगितल्या. त्याचा शब्द 'तिस्यू', म्हणजे विणलेलं. 'हिस्टॉलॉजी'तला ग्रीक 'हिस्टोस' म्हणजे माग. संयोजी ऊतीचं जर्मन नाव आहे 'बिंडेगेवेबे', बांधणारं विणकाम. म्हणजे नवं ज्ञान जे सांगतंय ते जुन्या शब्दात आधीच होतं. लक्ष मात्र 'बांधणारं'कडे गेलं, 'विणकाम' मागे पडलं.

प्रतिसाद ४

सुश्रुताची 'कला' पाहिलीत का? त्याच्या संहितेच्या शारीरस्थानात सात कला आहेत, 'धात्वाशयान्तरमर्यादाः', म्हणजे धातू (रक्त, मांस वगैरे) आणि आशय (जठरासारख्या पोकळ जागा) यांच्यामधल्या सीमा. पहिली मांसधरा. चिखलपाण्यात कमळाचे देठ सगळीकडे पसरावेत तशा तिथे मांसात शिरा वगैरे पसरतात, असा दृष्टान्त आहे. पण कला म्हणजेच फॅशिया असं समीकरण मांडू नका, दोन्ही चौकटी वेगळ्या आहेत.

आणि जुन्या ग्रंथांतून शब्द उचलताना सांभाळून. सुश्रुताचा 'स्नायू' म्हणजे बांधणारा दोर. फळ्या बांधलेल्या नावेची उपमा तिथे आहे. मराठीत स्नायू म्हणजे मसल. 'पेशी' त्याच्याकडे मांसाची, आपल्याकडे सेल. दोन्ही शब्द एकेक घर सरकलेत.

प्रतिसाद ५

सरळ फॅशिया लिहा. पेशंट डॉक्टरकडून तोच ऐकतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'पापुद्रा' मोहात पाडत होता, पण पापुद्रा सोलून निघतो, आणि इथे तर सोलण्यानेच गोंधळ झालाय. तूर्त असं लिहिलंय: "फॅशिया म्हणजे स्नायूंवरून, स्नायूंमधून आणि स्नायूंच्या आत सलग विणत गेलेली संयोजी ऊती." प्रावरणी एकदाच, कंसात. आता पुढच्या पानावर 'डीप फॅशिया' आहे. खोल म्हणू की खोलवरचा?