गणाचा पहिला मान आणि आमच्या गणेशोत्सवातील लावणी

सातारकर: गणेशोत्सवात शास्त्रीय गायन व भावगीते हे सांस्कृतिक कार्यक्रम, पण लावणी कुटुंबासमोर शोभत नाही, असे आपल्या सोसायटीतील एका सदस्याने काल लिहिले, ते वाचून राहवले नाही. तमाशात ढोलकीवर थाप पडली की पहिला मान गणाचा, म्हणजे गणेशस्तवनाचा असतो. लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळते आणि आमच्या मांडवात मात्र त्यांच्या कलेला जागा नाही, हे कोणत्या न्यायाने?

तिसरा मजला: ते मीच लिहिले होते. माझ्या आधीच्या वसाहतीत लावणी ठरली आणि प्रत्यक्षात ध्वनिमुद्रित चित्रपटगीतांवर नाच झाला. शिट्ट्या सुरू होताच माझी आई आणि मुलगी उठून घरी गेल्या. कलावंतांना सामावून घेताना प्रेक्षकांतील स्त्रियांनी घरी बसावे काय?

फडकऱ्यांची भाची: शिट्ट्या प्रेक्षकांनी मारल्या, दोष मात्र बाईला! खास महिलांसाठी लावणीचे प्रयोग होतात, तेथे बायका मनमुराद दाद देतात. पुढच्या रांगा स्त्रियांना द्या, एवढेच. माझी मावशी आयुष्यभर तमाशाच्या फडात गायली. एका मंडळाने आदल्या दिवशी शास्त्रीय गायकाला खोली आणि चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी मावशीला लुगडे बदलायला गाड्यांच्या मागे चादर धरून उभे केले. तो अपमान ती शेवटपर्यंत विसरली नाही.

खजिनदार: भावना समजतात, परंतु वर्गणी मी गोळा करतो. गायकाबरोबर तीन-चार साथीदार येतात; फड म्हणजे मोठा ताफा, ट्रक, जेवणे. वर्गणी वाढवा म्हटले की हीच मंडळी दार उघडत नाहीत. लावणीला नकार म्हणजे जातिभेद, असे कोणी म्हणेल; पण प्रत्येक हिशेबात जात शोधू नये.

सातारकर: ढोलकी फड, म्हणजे वगासह पूर्ण तमाशा, आणि संगीत बारी, म्हणजे केवळ लावणीचे गाणे-नाच, यांत आपण गल्लत करता, बारी थोडक्या माणसांत उभी राहते. जातीचे म्हणाल, तर ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातील शाहीर पठ्ठे बापूराव तमाशात गेले तेव्हा त्यांच्याच समाजाने त्यांना दूर लोटले. ती मी शोधून काढलेली नाही.

खजिनदार: मग दोन्ही कार्यक्रमांचे मानधन सारखे ठेवणार का, तेही सांगा. मागणारे पुष्कळ, देणारे थोडे.

फडकऱ्यांची भाची: सारखेच ठेवावे. ढोलकीवाल्याचा रियाज तबलजीपेक्षा कमी नसतो.

तिसरा मजला: माझे मत पूर्ण बदललेले नाही. बैठकीची, म्हणजे बसून अदा करत गायची लावणी, समोर वाजणारी ढोलकी आणि पुढे स्त्रियांच्या रांगा, एवढे लेखी ठरत असेल तर सभेत मी विरोध करणार नाही. ध्वनिमुद्रित गाणे लागले, तर त्याच क्षणी उठेन.

फडकऱ्यांची भाची: अटी सर्वांनी घातल्या, परंतु कपडे बदलण्याच्या खोलीविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही.

खजिनदार: सोसायटीच्या कार्यालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते. किल्ली माझ्याकडे आहे.