सस्पेंडनंतर स्क्रीन काळी, आत मात्र गाणं चालू

घुबड
रात्री भाषांतराचं काम करतो, मधे उठताना लिनक्स लॅपटॉपचं झाकण मिटतो, म्हणजे तो सस्पेंड होतो (झोपतो). परत उघडलं की स्क्रीन काळीकुट्ट. मशीन मेलेलं नाही: कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो. काल अंदाजाने पासवर्ड टाकला, एंटर मारला, स्पेसबार दाबला, तर थांबवलेलं गाणं पुढे सुरू! दिसत काही नाही म्हटल्यावर शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि सेव्ह न केलेली दोन पानं गेली.

वैतागून हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद) करून पाहिलं. तिथे स्क्रीन येते, पण सगळं नव्याने बूट होतं, एकही विंडो जागेवर नाही. रॅम १६ जीबी, स्वॅप फाइल (रॅमची ती इमेज जिथे लिहिली जाते) २० जीबी, फाइलसिस्टिम ईएक्सटी४. ग्रबमध्ये (बूटलोडरमध्ये, जो लिनक्स सुरू करतो) 'रिझ्यूम=' पुढे स्वॅप फाइलचा पत्ता दिलाय. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलू का?

फुकटचा_सल्ला
/सिस/पॉवर/मेम_स्लीप बघा. तिथे झोपेचे प्रकार असतात, निवडलेला कंसात. एसटूआयडलला (हलकी झोप) कंस असेल तर डीप (गाढ झोप) करा, माझं त्यानेच सुटलं.

घुबड
बघितलं. डीप हा शब्दच नाही तिथे, एकटं एसटूआयडल.

टर्मिनलवाली
मग तो रस्ता बंद, फर्मवेअर देतच नाही. आणि ड्रायव्हरला इतक्यात हात लावू नका. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच केसपेपरवर लिहिली आहेत.

सस्पेंडचं आधी. खोलीत अंधार करा, काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरपा धरा. पासवर्डची चौकट पुसट दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा दिवा बंद आहे. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करू देणारा) बसवून ठेवा, म्हणजे तशा वेळी फोनवरून आत शिरता येईल. /सिस/क्लास/बॅकलाइट मध्ये जे फोल्डर असेल त्यातली 'ब्राइटनेस' फाइल वाचा.

हायबरनेटचं कारण तर तुम्हीच लिहिलंय. 'रिझ्यूम=' ला फाइलचा पत्ता चालत नाही. ती फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) द्या आणि सोबत 'रिझ्यूम_ऑफसेट=', म्हणजे फाइल पार्टिशनवर कुठे सुरू होते तो आकडा. तो 'फाइलफ्रॅग -व्ही' कमांडच्या पहिल्या ओळीत, फिजिकल ऑफसेटखाली, सुरुवातीचा. मग ग्रब आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) दोन्ही अपडेट करा. आत्ता इमेज डिस्कवर लिहिली जाते, पण बूट होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती सापडत नाही.

घुबड
टॉर्चमध्ये चौकट दिसली!! भूत बघितल्यासारखं झालं. फोनवरून शिरलो: ब्राइटनेस ०, मॅक्स_ब्राइटनेस १९२००. रूट (अ‍ॅडमिन) होऊन ब्राइटनेसमध्ये ९६०० लिहिलं आणि स्क्रीन फटकन उजळली. सिस्टिमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सिस्टिम-स्लीप फोल्डरमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट टाकली: पहिलं आर्ग्युमेंट 'पोस्ट' (म्हणजे मशीन जागं झालं) आलं की तोच आकडा लिहायचा. तिला एक्झिक्यूट परवानगी द्यायला विसरलो, त्यात अर्धा तास गेला.

ऑफसेटही टाकला. हायबरनेटमधून अर्धवट वाक्यासकट फाइल परत आली, कर्सर होता तिथेच.

टर्मिनलवाली
स्क्रिप्ट म्हणजे मलमपट्टी, शून्य कोण लिहितंय ते अजून कळलेलं नाही. नवा कर्नल आला की ती काढून एकदा झाकण मिटून बघा. आणि स्वॅप फाइल पुन्हा बनवलीत तर ऑफसेट बदलेल, तो आकडा परत काढा.