चित्रकारांनी माल छापून ठेवावा की ऑर्डर आल्यावरच छापावा?

तलावपाळी (धागा सुरू करणारी)
ठाण्यातल्या चित्रकार मैत्रिणींशी या विषयावर इतक्यांदा वाद झालाय की शेवटी इथे लिहितेय. आपली चित्रं टी-शर्ट, टोट बॅग, स्कार्फवर विकायची, तर माल आधी छापून ठेवायचा की ऑर्डर आली की एकेक नग छापून परस्पर ग्राहकाला पाठवणाऱ्या कंपनीला काम द्यायचं? माझं मत: ऑर्डर आल्यावरच छापा.

कपड्यात पैसा अडकतो तो साइझमध्ये. एक डिझाइन, दोन रंग, एस ते डबल एक्सएल पाच साइझ, म्हणजे 10 प्रकार झाले. प्रत्येकाचे 10 नग धरले तरी 100 शर्ट घरात येऊन पडतात. मधले साइझ संपतात, टोकाचे उरतात आणि वन बीएचकेत पलंगाखाली खोकी साठतात. पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. 100 नग खपायलाच हवेत म्हटलं की हात आपोआप खपणाऱ्या चित्रांकडे वळतो. सगळ्यांच्या टेबलावर तोच गणपती, तोच वडापाव, तीच लोकल. चेंदणी कोळीवाड्यातल्या जाळ्यांच्या गाठींवरून कोणी स्कार्फ केला तर तो कदाचित 12 जण घेतील. ऑर्डरप्रमाणे छपाई असेल तर त्या 12 जणांसाठीही तो करता येतो.

स्क्वीजी_वागळे
ताई, वागळे इस्टेटमध्ये आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे, तेव्हा माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. तरी हिशेब ऐका. स्क्रीनमध्ये खर्च सुरुवातीला येतो. दर रंगाला वेगळी फिल्म, वेगळी जाळी (चौकटीवर ताणलेलं कापड, त्यातून शाई दाबून चित्र उमटवतात). जाळी एकदा तयार झाली की पुढच्या नगाला फक्त कोरा शर्ट, शाई आणि मजुरी. एकेक नग छापणाऱ्याकडे पहिल्या शर्टाचा भाव आणि पाचशेव्याचा भाव जवळपास तोच. समजा शर्ट 699 ला विकला आणि छपाई, पॅकिंग, कुरियर धरून 550 गेले, तर हातात 149, त्यातूनच जाहिरात करायची. चित्र तुमचं आणि सगळ्यात कमी पैसे तुम्हालाच.

शिवाय नियम त्यांचे. चित्रकारांची चित्रं ऑर्डरप्रमाणे वस्तूंवर छापून विकणारी रेडबबल ही वेबसाइट 2006 साली मेलबर्नला सुरू झाली, तिथे दुकान मांडायला पैसे पडत नसत. 2023 मध्ये त्यांनी साध्या खात्यांच्या कमाईतून फी कापायला सुरुवात केली.

माल पडून राहायची भीती असेल तर आठ दिवस आगाऊ बुकिंग घ्या. साइझ कळले की तेवढेच छापा.

खारघरची
मी टेक्स्टाइल शिकलेय. स्वस्तात एक नग छापणारे बरेच जण हल्ली डीटीएफ ही पद्धत वापरतात. डिझाइन फिल्मवर छापतात, वर चिकटणारी पावडर, मग हीट प्रेस. कुठल्याही कापडावर चालतं, रंग झगझगीत दिसतात, पण छातीवर मोठं चित्र असेल तर तेवढ्या भागातून हवा खेळत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो शर्ट तासभरही अंगावर ठेवता येत नाही. डीटीजीत, म्हणजे प्रिंटरने थेट कापडावर छापतात त्या पद्धतीत, शाई सुती कापडातच मुरते, हाताला मऊ लागतं. मात्र गडद कापडावर आधी प्रीट्रीटमेंट (शाई धरून ठेवणारं द्रावण) आणि खाली पांढऱ्या शाईचा थर हवा. तिथे कंटाळा केला की रंग लवकर उतरतो. ग्राहकाला काय मिळालं हे चित्रकाराने पाहिलेलंच नसतं आणि नाव त्याचं जातं. या एका कारणासाठी माझा विरोध आहे.

तलावपाळी
@खारघरची, म्हणून तर आधी स्वतःच्या पैशाने नमुना मागवायचा, भरपूर वेळा धुवायचा, मगच विकायला लावायचा. छपाई कोणत्या पद्धतीने करता हे सरळ विचारायचं, आणि जो सांगत नाही त्याला काम द्यायचं नाही.
@स्क्वीजी, बुकिंग त्यालाच मिळतं ज्याला लोक आधीपासून ओळखतात. नवीन मुलीला आठ दिवसांत दोन बुकिंग आली तर तुम्ही तिच्यासाठी जाळी कराल का?

डहाणू_ते_ऐरोली
माल साठवायचा नाही म्हणजे चोरालाही भांडवल लागत नाही, याबद्दल कोणीच बोलत नाहीये. कुणीही उठतो, वारलीचा तारपा नाच फोटोवरून उचलतो, फाइल चढवतो आणि रात्रीत बॅगा, मग, उशांचे अभ्रे विक्रीला लागतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तरी पाड्यावर चित्रं काढणाऱ्या बाईच्या हाती त्या बॅगेतला रुपया येत नाही. पूर्वी नक्कल करणाऱ्याला निदान ठाणभर कापड छापून घ्यावं लागायचं, बुडायची भीती असायची. बेलापूरच्या अर्बन हाटला, त्या हस्तकलेच्या बाजारात, समोर बसून विकणारा कलाकार दिसतो. मला तीच विक्री खरी वाटते.

कोर्टनाका
वकील आहे, म्हणून एवढंच. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 15 वाचा. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नसेल, आणि ते मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेत 50 पेक्षा जास्त वेळा छापलं गेलं, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मूळ चित्राचं, चित्र म्हणून असलेलं संरक्षण वेगळं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 च्या मायक्रोफायबर्स प्रकरणात, सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबाबत, हाच फरक केला. डिझाइनची नोंदणी झाली तर संरक्षण 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. पण नोंदणी प्रसिद्धीच्या आधी हवी. शर्टाचा फोटो इन्स्टावर टाकून मग अर्ज केलात तर उशीर झाला.

आणि चित्र वापरायचे हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहा. करारात मुदत नसेल तर कलम 19 प्रमाणे ती 5 वर्षं धरतात.

स्क्वीजी_वागळे
म्हणजे हा 50 चा आकडा माझ्या जाळीलाही लागू आणि एकेक छापणाऱ्यालाही?

कोर्टनाका
हो. एका दिवसात छापा नाहीतर वर्षभरात, कायद्यात तसा फरक नाही.

स्क्वीजी_वागळे
ठीक. तलावपाळी ताई, दोन बुकिंगला जाळी नाही परवडत, हे मान्य. 20 ला करतो, दोन रंगांत. पण ज्या डिझाइनला महिन्याला 20 ऑर्डर येतात तेही तुम्ही एकेकच छापून घेणार असाल तर ते पैसे तुम्ही हाताने सोडताय.

तलावपाळी
माझी चित्रं सात-आठ रंगांची असतात, दादा. दोन रंगांत बसवायची म्हणजे ती बदलायची, आणि ते मी करणार नाही. 149 तर 149.