ग्रीस ट्रॅप नसलेल्या हॉटेलांचं ड्रेनेज कनेक्शन तोडावं का?

मुठाकाठ (धागाकर्ता)
माझं मत सरळ आहे. हॉटेल, खानावळ, क्लाउड किचन, काहीही असो. ग्रीस ट्रॅप, म्हणजे मोरीच्या पाण्यातलं तेल अडवणारी पेटी, नसेल तर पुणे महापालिकेने एक नोटीस द्यावी आणि कनेक्शन तोडावं.

नियम काही नवा नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, सार्वजनिक गटारासाठी २०. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, नदीसाठी ३०, गटारासाठी थेट ३५०. ही सवलत कशाच्या जोरावर? तर पुढे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे, ते बघून घेईल. पण बरंचसं तेल तिथवर पोचतच नाही. गरम पाण्याबरोबर, साबणाबरोबर ते मोरीतून निघतं, दोन चेंबर पुढे पाणी निवलं की पाइपाला थिजून बसतं. मग त्यावर शितं, चहाचा चोथा, केस. जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन साफ करणारी, गाडी लावली की साबणाच्या वडीसारखे पांढरट तुकडे बाहेर येतात.

हिशेब करा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. २० ची मर्यादा पाळायची तर त्याला सव्वादोनशे लिटर पाणी लागतं. आता कढईचा विचार करा.

मेसवाला_सदाशिव
कढई कोण ओततंय हो? तळणीचं तेल किलोवर विकलं जातं, ते मोरीत घालायला मी काय येडा आहे? जातं ते ताटा-पातेल्यांचं, आणि तसं ते तुमच्या घरूनही जातं.

माझं किचन आठ बाय दहा. ट्रॅप कुठे बसवू, पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या पाटाखाली? मालक फरशीला हात लावू देत नाही. आणि वाड्याची लाइन एकच. माझं कनेक्शन तोडलं की वरच्या तीन बिऱ्हाडांचं संडास-बाथरूम बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मुठाकाठ
मोरीखाली बसतील असे लहान ट्रॅप मिळतात, जागेची सबब नको. आणि ते तेल विकत कोण घेतं? २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड (पुन्हा पुन्हा तापवून तेलात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. बायोडिझेलला जात असेल तर उत्तम. कोपऱ्यावरच्या भजीच्या गाडीला जात असेल तर तो वेगळा धागा काढू.

पहारवाला
ड्रेनेजची कामं घेतो, म्हणून दोघांनाही सांगतो. ट्रॅप असतात. भरलेले असतात. आत दोन आडवे पडदे, तेल वर तरंगतं, पाणी खालून निघतं, एवढंच त्याचं तंत्र. वरचा थर वेळेवर काढला नाही तर तेल पाण्याबरोबर सरळ पुढे. तपासणीला झाकण उघडून 'आहे' म्हणतात नि जातात.

आणि सोसायटीवाल्यांनी साळसूदपणा करू नये. पॅड, डायपर, वेट वाइप्स, फरशीची फडकी, सगळं निघतं. सगळ्यात वाईट म्हणजे फ्लॅटचं रिनोव्हेशन. मिस्त्री बादलीतलं सिमेंटचं पाणी बाथरूमच्या जाळीतून सोडतो. ते लाइनीत दगड होऊन बसतं, जेटिंगला दाद देत नाही. रस्ता खोदावा लागतो.

सिंहगडरोडकर
हे सगळं खरं, पण महापालिकेने कुठल्या तोंडाने नोटीस द्यायची? ११ शुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमता, जायका या जपानी संस्थेच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मधला. तेव्हापासून आपण आकडेच ऐकतोय. इकडे मैलापाणी नाल्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. मेसवाल्याची मोरी तपासण्याआधी तो नाला तपासा की.

बीकर
तेलावर एवढं भांडताय, तेल फक्त तुंबवतं. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ वाचा, विषारी पदार्थ ओढ्यात, विहिरीत किंवा गटारात जाणूनबुजून सोडायला मनाई आहे. प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवायच्या) कामातलं विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि सायनाइड, दोन्हींना गटारात लिटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा. शुद्धीकरण केंद्रातलं काम जिवाणू करतात. ते मेले की आलं तसं पाणी पुढे.

आणि घरोघरी काय चालतं? तुंबलं की ॲसिडची बाटली. साचलेल्या मैल्यात सल्फाइड असतं, त्यात ॲसिड गेलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हवेपेक्षा जड, चेंबरच्या तळाशी बसतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, फार झाला की नाकच मरतं, म्हणून खाली गेलेल्याला कळत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. सुरुवात तिथून करा, मिसळीच्या तर्रीवरून नको.

मेसवाला_सदाशिव
+१. ॲसिडवाले मोकळे आणि आमची मोरी बंद!

मुठाकाठ
ॲसिडवाले मोकळे सोडा असं मी कुठे लिहिलंय? एक दुरुस्ती मान्य: लाइन सामायिक असेल तिथे कनेक्शन नको, खाद्य परवान्याचं नूतनीकरण अडवा. बिऱ्हाडांना त्रास नाही. बाकी मत तेच.

पहारवाला
परवाना अडवा नाहीतर काही करा. ट्रॅपमधून काढलेला थर टाकायचा कुठे, ते आधी ठरवा. ओल्या कचऱ्यात कचरा नेणाऱ्या ताई घेत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. तोवर हॉटेलचा पोऱ्या रात्री अकराला तीच बादली चेंबरमध्ये रिकामी करणार. झाकण उचलायला माझ्याकडूनच पहार मागून नेतात.