मदत हवी आहे : एकच एक्सेल फाइल तिघांनी वापरायची असल्यास परवाने कोणते घ्यावेत?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात ३ संगणक असून देखभाल शुल्काची एक्सेल फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे. एकाने ती उघडली की इतरांना ती केवळ वाचता येते, त्यामुळे प्रत्येक जण स्वतंत्र प्रत काढू लागला आणि मार्चअखेरीस सभासदांची थकबाकी जुळेनाशी झाली. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली ६ जणांना चालते, परंतु तो परवाना घरगुती वापरापुरता असल्याने कार्यालयात वापरणे मला अयोग्य वाटते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस बेसिक या कार्यालयीन परवान्यात ब्राउझरमधून एकत्र काम करता येते, मात्र आमच्या फाइलमधील मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या सूचना) तेथे चालत नाहीत. मग एकासाठी बिझनेस स्टँडर्ड (ज्यात एक्सेल संगणकावरच बसवता येते व मॅक्रो चालतात) व दोघांसाठी बेसिक अशी रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? असल्यास कृपया अनुभव सविस्तर कळवावा.